चेंडू चालला, कप नाही

१९३७ साली मुंबई प्रांताच्या विधानसभेची निवडणूक झाली. भायखळा-परळ भागातल्या राखीव जागेसाठी एका बाजूला होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. परळच्या बीआयटी चाळीत वीसेक वर्षं काढून ते नुकतेच दादरच्या हिंदू कॉलनीत राहायला गेले होते. समोर काँग्रेसने उभा केलेला उमेदवार साठीच्या घरातला, एकेकाळचा डावखुरा फिरकी गोलंदाज. आंबेडकरांना १३,२४५ मतं पडली आणि बाळू पालवणकरांना ११,२२५.

बाबासाहेबांना त्यांच्याच गिरणगावात एवढी झुंज देणारा हा माणूस कोण? त्यासाठी आधी पुण्याला जावं लागतं.

बाळूंचा जन्म १८७६ चा, धारवाडचा. घराणं कोकणातलं, जात चांभार, वडील लष्करात. पुण्यात आधी पारशांच्या क्लबात आणि मग गोऱ्यांच्या पूना जिमखान्यात ते कामाला लागले. पगार महिना चार रुपये. खेळपट्टीवर रोलर फिरवायचा, नेट बांधायचं आणि साहेबांना सरावासाठी गोलंदाजी करायची. बॅट मात्र हाती मिळायची नाही. कॅप्टन ग्रेग हा तिथला सर्वांत तयारीचा फलंदाज. तो इतरांच्या आधी येऊन बाळूंची गोलंदाजी खेळत बसे. आपल्याला बाद केलं की तो आठ आणे देई, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो नसो, तासन्‌तास एकाच चांगल्या फलंदाजाला चेंडू टाकत राहणं ही डावखुऱ्या फिरकीची उत्तम शाळा होती.

या गोलंदाजीची गंमत अशी. उजव्या हाताने खेळणाऱ्याला चेंडू हवेत असताना आपल्याकडे येताना दिसतो. तो बॅट पुढे करतो. टप्पा पडला की चेंडू बाहेर, स्लिपच्या दिशेने निघतो आणि बॅटची कड घेऊन जातो. असे चार-पाच चेंडू टाकून झाले की त्याच हाताने, त्याच चालीने एक न वळणारा टाकायचा. फलंदाज बाहेरच्या वळणासाठी खेळतो आणि चेंडू सरळ आत घुसतो. वळण बोटांनी देता येतं. केव्हा द्यायचं आणि केव्हा नाही, हे समोरच्याचे पाय बघून ठरवावं लागतं. ते बघायला बाळूंना ग्रेगच्या पायांइतका चांगला फळा दुसरीकडे मिळाला नसता.

हा हात पुण्यातल्या हिंदू क्लबाच्या नजरेत भरला. गोऱ्यांना हरवायचं तर हा माणूस संघात हवा, पण तो अस्पृश्य. मग तोड निघाली: मैदानात सगळ्यांनी एकच चेंडू हाताळायचा, बाकीचं सोवळं मैदानाबाहेर सांभाळायचं. चहाच्या वेळी सहकारी पॅव्हेलियनमध्ये कपबशीतून चहा घेत. बाळूंना तो बाहेर, वापरून फेकून द्यायच्या मातीच्या भांड्यात मिळे. हातपाय धुवायचे तर बाजूला, अस्पृश्य नोकराने ओतलेल्या पाण्याने. जेवणाचं ताट वेगळं.

क्रिकेटचा चेंडू चामड्याचा. बाळूंच्या बोटांतून सुटलेला तो चेंडू यष्टिरक्षक पकडी, स्लिपमधला झेली, पँटला घासून पुन्हा बाळूंच्या हाती देई. यात कुणाला विटाळ झाल्याची नोंद नाही. विटाळ कपाला होत असे. म्हणजे नियम शास्त्रातून आलेला असो वा रूढीतून, कुठे सैल करायचा आणि कुठे आवळायचा हे गरज ठरवत होती. बाळूंची सगळी कारकीर्द वाचताना हे ध्यानात ठेवावं. खेळाने एक दार उघडलं की पुढची आपोआप उघडली, असं त्यांच्या बाबतीत झालं नाही. प्रत्येक दाराशी वेगळं भांडण झालं.

१८९६ ला प्लेग आला आणि त्या सुमारास बाळू मुंबईत आले. परळ हा गिरण्यांचा, चाळींचा भाग. पालवणकर कुटुंब तिथं राहिलं. नोकरी आधी लष्करात, मग रेल्वेत. क्रिकेट गिरगावच्या पश्चिमेला समुद्राकाठी असलेल्या परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याचं. तिथेही काही सभासदांनी कुरकुर केली. कप्तान कीर्तिकरांनी ती मोडून काढली.

फेब्रुवारी १९०६ मध्ये बॉम्बे जिमखान्यावर हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवलं. शेवटच्या डावात गोरे १०२ मध्ये गारद झाले. बाळू संघात होतेच, धाकटा भाऊ शिवरामही होता. ज्या जिमखान्यात एतद्देशीयाला सभासद होता येत नव्हतं, त्याच्याच अंगणात हा निकाल लागला. ‘इंडियन सोशल रिफॉर्मर’ने या भावांच्या संघप्रवेशाकडे समाजसुधारणेचं उदाहरण म्हणून बोट दाखवलं.

१९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या कप्तानीखाली अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघाने पंधरा सामने गमावले. बाळूंनी मात्र पस्तिसाव्या वर्षी, दुखरा खांदा घेऊन, ११४ बळी मिळवले. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात १०३ धावांत ८, लीस्टरशायरवरच्या विजयात ११. परतल्यावर मुंबईत दलित समाजाने त्यांचा सत्कार केला. त्यात पुढाकार घेणाऱ्यांत एक कॉलेजात जाणारा तरुण होता, भीमराव आंबेडकर.

एवढं झालं तरी हिंदू संघाचं कप्तानपद बाळूंना मिळालं नाही. १९१३ साली कप्तान झालेल्या एम. डी. पै यांनीच जाहीरपणे सांगितलं, की हा मान बाळूचा होता. १९२० ला बाळूंना संघातूनच वगळलं आणि त्यांचा आणखी एक धाकटा भाऊ विठ्ठल याला डावलून कप्तानी दुसऱ्याकडे गेली. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम दोघांनी नाव मागे घेतलं. बरीच वर्तमानपत्री खडाजंगी झाली. अखेर पैंच्या कप्तानीखाली बाळू उपकप्तान म्हणून परतले, आणि सामन्यात पै थोडा वेळ मैदानाबाहेर गेले. तेवढा वेळ संघ बाळूंनी चालवला. १९२३ ला विठ्ठल कप्तान झाला आणि हिंदूंनी युरोपियनांना हरवून स्पर्धा जिंकली. विठ्ठलने पुढे आपलं ‘माझे क्रीडा-जीवन’ मराठीत लिहिलं. बाळूंच्या खात्यावर प्रथम श्रेणीच्या अवघ्या ३३ सामन्यांत १७९ बळी राहिले. सरासरी पंधराच्या आसपास.

आता पुन्हा १९३७. एकेकाळी ज्याचा सत्कार केला त्याच्याशीच आंबेडकरांना लढावं लागलं, याला अस्पृश्यांच्या स्वतंत्र मतदारसंघांच्या वादातून झालेला १९३२ चा पुणे करार कारण होता. बाळू हिंदू समाजातच राहून, आतूनच जागा मिळवण्याच्या बाजूचे. त्यांच्या आयुष्याने त्यांना तेच शिकवलं होतं: चांगला खेळ केला, धीर धरला, भावांनी पाठ राखली, की पॅव्हेलियनच्या बाहेरची भांडी एक दिवस आतल्या टेबलावर येतात. आंबेडकरांच्या राजकारणाचा रोख वेगळा होता. ज्याच्याकडे ११४ बळी घेणारा हात नाही, त्या माणसालाही कप मिळायला हवा, आणि तो हक्क म्हणून.

आज पाहता यातला कोणता रस्ता खरा, हे सांगणं सोपं वाटतं. त्या वेळच्या परळच्या मतदाराला ते तितकं सोपं गेलं नसावं. दोघांत फरक पडला तो २,०२० मतांचा.