परक्या ठेवीचा सांभाळ

बहिणाबाई चौधरींचे जन्मगाव असलेल्या, जळगावलगतच्या असोद्यातला शेतकरी मोबाइलवर आपला सातबारा उघडतो, तेव्हा तो उतारा पडद्यावर उमटण्यापूर्वीच त्याचे यंत्र आणि सरकारी सर्व्हर यांच्यामध्ये एक कूटबद्ध जोडणी प्रस्थापित झालेली असते. जगभर अशा जोडण्या सांभाळणाऱ्या साधनांत सी भाषेतील ओपनएसएसएल ही लायब्ररी अग्रगण्य होय. एरिक यंग व टिम हडसन यांच्या एसएसएलईए या कृतीतून ती १९९८ साली उदयास आली. तिच्या अफाट पसाऱ्यातील एका लहानशा सोयीचा परिचय येथे योजिला आहे.

प्रत्येक जोडणीसाठी ही लायब्ररी 'एसएसएल' नावाचा एक ऑब्जेक्ट निर्माण करते. चाव्या, प्रमाणपत्रे, हँडशेकची अवस्था हा त्यातला तिचा स्वतःचा ऐवज. परंतु ही जोडणी कोणत्या खातेदाराची आणि कोणत्या कामाची, हे तिला ठाऊक नसते, नसावेही. ती माहिती ज्याला हवी त्या प्रोग्रामने ऑब्जेक्टच्या रचनेतच आपले रकाने घुसडावेत, तर २०१६ च्या १.१.० आवृत्तीपासून ती रचनाच बाहेरच्यांच्या दृष्टीआड झाली आहे. म्हणून सातबाऱ्यावर जसा 'इतर हक्क' हा रकाना राखलेला असतो, तशी लायब्ररीने परक्या माहितीसाठी जागा राखली आहे. आरंभी एकदाच एक क्रमांक मागून घ्यावा; पुढे हजारो जोडण्यांवर त्याच क्रमांकाखाली ज्याचा त्याचा पॉइंटर ठेवावा व हवा तेव्हा परत मागावा. त्या पॉइंटरमागे काय दडले आहे, याची चौकशी लायब्ररी कधीही करीत नाही. हा संयम मला तिच्या रचनेतील सर्वांत थोर गुण वाटतो.

या सोयीचे खरे मोल प्रमाणपत्राच्या पडताळणीत कळते. पडताळणीच्या वेळी लायब्ररी प्रोग्रामने नेमलेल्या कॉलबॅकला बोलावते, परंतु त्याच्या हाती देते ते केवळ तोवरचा निकाल आणि पडताळणीचा संदर्भ. त्या संदर्भावरही याच पद्धतीने मूळ जोडणीचा पत्ता ठेवलेला असल्याने कॉलबॅक प्रथम जोडणी गाठतो, जोडणीवरून आपली ठेव गाठतो, आणि या खातेदारापुरता नियम कोणता, हे त्याला जागतिक चलांचा आधार न घेता उमगते.

ठेवीची विल्हेवाट मात्र ठेवणाऱ्याकडेच राहते. क्रमांक घेतानाच मोकळे करणारे फंक्शन नोंदवले असेल, तर जोडणी मिटताना लायब्ररी ते इमानाने बोलावते. नोंदवले नसेल आणि प्रोग्रामनेही लक्ष दिले नाही, तर स्मृती बेवारस पडून राहते. पुढची जोडणी लवकर जुळावी म्हणून राखलेल्या सेशनवर जोडलेली अशी माहिती तर सेशन बाइट्समध्ये उतरवून साठवताना मागेच राहते. सेशन पुन्हा जुळवण्यासाठी दिल्या जाणाऱ्या तिकिटासोबत प्रवास करू शकणाऱ्या माहितीची वेगळी सोय २०१८ च्या १.१.१ आवृत्तीत झाली.