गणपतीच्या देवळापलीकडचं फ्लशिंग

न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात सात नंबरची ट्रेन जिथे संपते ते फ्लशिंग. आपली मंडळी इथे येतात ती बहुधा बाउन स्ट्रीटवरच्या गणपतीला. 1977 साली प्रतिष्ठापना झालेलं हे देऊळ आणि त्याच्या तळघरातला डोसा, दोन्हींची ख्याती आहे. डोसा खाऊन बहुतेक जण घरची वाट धरतात. मी नॉर्दर्न बुलेव्हार्डकडे वळते. मेन स्ट्रीट आता बराचसा चिनी. कोरियन पाट्या दाटतात त्या पूर्वेला, मरे हिल स्टेशनच्या आसपास. 1965 च्या कायद्याने अमेरिकेची दारं आशियाई लोकांना खुली झाली, त्यानंतर आलेल्या कुटुंबांनी ही वस्ती उभी केली. देशभर पसरलेल्या एच मार्ट या कोरियन किराणा साखळीचं पहिलं दुकानही क्वीन्समधलंच, 1982 साली वुडसाइडला निघालेलं.

अशा दुकानात नवखा माणूस नूडल्सच्या फळ्यांपुढे रेंगाळतो. ती पाकिटं आता पुण्यातही मिळतात. खरं दुकान असतं मागच्या भिंतीशी, बानचानच्या काउंटरवर. भाताबरोबरची ही तोंडी लावणी: तीळतेलातले मोड आलेले सोयाबीन, उकडून पिळलेला पालक, सोया सॉसमध्ये आटवलेले बटाटे, मसाल्यात मुरलेली केन्निपची पानं. नोकरीवरून परतणाऱ्या बायका तीन-चार डबे उचलतात. घरी फक्त भात लावायचा.

छोट्या दुकानांत किमची घालतानाही पाहायला मिळते. लांबट नापा कोबी उभा चिरून रात्रभर मिठात ठेवलेला असतो. पान वाकवलं तर मोडू नये, लवावं, ही परीक्षा. मग दोन-तीनदा धुवून निथळत ठेवायचा. तोवर परातीत मसाला तयार होतो: तांदळाच्या पिठाची खळ, लसूण, आलं, मुळ्याचा कीस, पातीचा कांदा, खारवलेली कोळंबी आणि गोचुगारू. हे तिखट आपल्या ब्याडगीसारखं, रंगाला दांडगं आणि जिभेला सोसणारं. हातमोजे घातलेल्या मावशी देठाकडून शेंड्याकडे एकेका पानाला मसाला चोळतात, गड्डा दुमडतात आणि सगळ्यात बाहेरच्या पानाने बांधून बरणीत दाबतात. हात इतका झपाट्याने चालतो की कुठे जास्त लागलं, कुठे कमी, हे आपल्याला कळतही नाही. त्यांना कळतं. पांढऱ्या देठाला जास्त, पानाला कमी. मोठ्या साखळीची कारखान्यातली किमची मला चवीला बरी वाटते, पण या हाताची सर तिला नाही.

बेकरीत मात्र विक्रेत्याशी बोलावंच लागत नाही. ताट आणि चिमटा घ्यायचा, हवं ते उचलायचं. गल्ल्यावरची मुलगी प्रत्येक पाव वेगळ्या पिशवीत घालते. लाल चवळीसारख्या दाण्यांचं गोड पुरण भरलेला पाव, वर खुसखुशीत चुरा असलेला सोबोरो, बटाटा भरून तळलेला गोरोके. पुरणाचा पाव जपानी अमलात कोरियात आला. 1953 ला युद्ध थांबल्यावर अमेरिकेचा मदतीचा गहू आला, आणि पुढे तांदूळ वाचवण्यासाठी सरकारनेच लोकांना पिठाचे पदार्थ खायला लावलं. भात खाणाऱ्या देशाला पावाची गोडी लागली ती अशी. क्रीमचे केक तर आपल्या तोंडाला जवळजवळ अगोड वाटतील. मला तेच आवडतात.

शाकाहारी वाचकांनी एवढं ध्यानात ठेवावं: किमचीत बहुतेक वेळा मासळी असतेच, आणि नुसत्या भाजीच्या दिसणाऱ्या बानचानमध्येही मासळीचं पाणी असू शकतं. अमेरिकेत पाकिटावर मासे आणि कोळंबीचा उल्लेख कायद्याने सक्तीचा आहे, तेव्हा लेबलवरची घटकांची यादी शेवटपर्यंत वाचा. आणि काउंटरवर सुट्टं घेत असाल, तर मावशींना सरळ विचारा.