पिसावरून मुनियेची पारख

अहमदाबादेहून पिंजरे भरभरून परदेशी जाणाऱ्या चिमुकल्या तांबड्या पाखरांना इंग्रज व्यापारी त्या शहराच्याच नावाने ओळखू लागले. बोलता बोलता त्या नावाचे 'अवदवत' झाले, आणि १७५८ मध्ये लिनियसने पक्ष्याला शास्त्रीय नाव देताना 'अमंदव' हा शब्द कायमचा करून टाकला. आपली लाल मुनिया ती हीच.

बडोदे, इंदूर वा ग्वाल्हेरच्या आसपास पावसाळी गवतात तिचे एखादे पीस सापडले, तर ते ओळखावे कसे? प्रथम लांबी पाहावी. अवघ्या चार इंचांच्या या पक्ष्याच्या अंगावर दोन इंचांहून लांब पीस असणे शक्यच नाही. मग टोक पाहावे. विणीच्या दिवसांत नराच्या कुशीचे पीस किरमिजी असते आणि त्याच्या टोकाशी पांढरा वाटोळा ठिपका असतो. मुळाकडची लव मात्र राखी. हंगाम सरला की नर हा थाट उतरवून मादीसारखा मातकट होतो. म्हणून नुसत्या तपकिरी पिसावरून नर की मादी हे सांगण्याचे धाडस करू नये. ठिपकेवाल्या मुनियेच्या छातीचे पीस पांढरे, पण तपकिरी काठाचे असते. त्यामुळेच ती छाती खवलेदार दिसते.

खरी कसोटी लागते ती हिरव्या मुनियेच्या बाबतीत. पाठ शेवाळी, पोट पिवळे, कुशीवर गडद-पांढरे पट्टे, अशी ही देखणी मुनिया केवळ भारतात, अबूच्या पहाडापासून मध्य भारतापर्यंत, तीही तुरळक ठिकाणी आढळते. पारध्यांच्या जाळ्यांनी तिची संख्या इतकी घटविली की आज तिची गणना जगातील संकटग्रस्त पक्ष्यांत होते. देशी पक्ष्यांच्या व्यापारावर १९९०-९१ मध्ये बंदी आली. चोरटा व्यापार मात्र थांबला नाही. त्यातही लबाडी अशी की, साध्या मुनियांना रंग फासून त्या 'हिरव्या' म्हणून खपविल्या जातात! अशा वेळी पिसाचे मूळ पाहावे. निसर्गाचा रंग पात्यापुरता असतो. बाजारचा रंग दांडीवर आणि राखी लवेवरही चढलेला दिसतो.

पीस तुटकेफुटके असेल तर डोळ्यांचे काम संपते आणि सूक्ष्मदर्शकाचे सुरू होते. ४ ऑक्टोबर १९६० रोजी अमेरिकेत बोस्टन येथे उड्डाण करताच एक विमान कोसळून ६२ जण दगावले. इंजिनात सापडलेले पिसांचे अवशेष स्मिथसोनियन संग्रहालयातील रॉक्सी लेबोर्न यांनी तपासले आणि ते मैनेच्या कुळातील 'स्टार्लिंग' पक्ष्यांचे असल्याचे ठरविले. पिसाच्या बुडाशी असलेल्या लवेच्या तंतूंवर बारीक गाठी असतात. त्यांचा आकार आणि त्यांतील रंगकणांची मांडणी यांवरून पक्ष्याचा गट कळतो. नेमकी जात ठरविण्यासाठी मात्र संग्रहालयातले जतन केलेले पक्षीच पुढ्यात घ्यावे लागतात. सगळ्याच मुनियांच्या गाठी सारख्या भासल्या तर सूक्ष्मदर्शक तरी काय करणार!

हा आधार आता घरबसल्या मिळू लागला आहे. २०२१ मध्ये, ज्या शहराने मुनियेला नाव दिले त्याच अहमदाबादेत 'फेदर लायब्ररी' सुरू झाली; भारतीय पक्ष्यांच्या पंखांची व शेपटीची पिसे ओळीने मांडून, मोजून त्यांची छायाचित्रे तेथे सर्वांसाठी खुली ठेवली आहेत. मुलांना पीस सापडले तर ते पुस्तकात दडविण्यापेक्षा शेजारी मोजपट्टी ठेवून त्याचे छायाचित्र घ्यावे, आणि ठिकाण व तारीख वहीत टिपायला सांगावे.