जुन्या हेडलाइटमध्ये एलईडी : उजेड वाढतो, पण पडतो कुठे?

बल्ब बदलण्याआधी काच, परावर्तक आणि वायरिंग तपासणे अधिक हिताचे

रात्री समोरून येणाऱ्या वाहनाचा निळसर पांढरा झोत डोळ्यांवर यावा आणि क्षणभर रस्ताच नाहीसा व्हावा, हा अनुभव छत्रपती संभाजीनगरातील वाहनचालकांना नवा राहिलेला नाही. गारखेडा परिसरातील पुंडलिकनगरसारख्या दाट वस्तीत तो अधिकच जाणवतो. येथील रस्त्यांवर पादचारी, हातगाड्या, सायकली, रिक्षा आणि पाळी संपवून परतणाऱ्या कामगारांच्या दुचाकी एकाच वेळी वाट काढत असतात. अशा ठिकाणी एखाद्याचे डोळे दोन-तीन सेकंदांसाठी दिपले, तरी अपघाताला तेवढे कारण पुरते. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन तीन सेकंदांत ५० मीटर अंतर कापते.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. दहा-पंधरा वर्षे जुन्या मोटारीचा पिवळट, मंद उजेड जालना किंवा धुळ्याच्या रस्त्यावर अपुरा पडतो. मागे दिवा नसलेली उसाची ट्रॉली अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. त्यामुळे काहीशे रुपयांपासून मिळणारा एलईडी बल्ब जुन्या होल्डरमध्ये बसवण्याचा मोह अनेकांना होतो. बसवणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. मात्र या उपायाने त्याची अडचण बहुधा पुरती सुटत नाही आणि समोरच्याची वाढते. असे का होते, हे समजून घेण्यासाठी दिव्याची रचना पाहावी लागते.

दिवा म्हणजे केवळ बल्ब नव्हे

भारतातील असंख्य जुन्या मोटारींत ‘एच ४’ प्रकारचा ६०/५५ वॅटचा हॅलोजन बल्ब असतो. त्यात दोन तारा असतात, एक अप्परसाठी आणि एक डिपरसाठी. डिपरच्या तारेखाली धातूची एक लहानशी वाटी असते. या वाटीमुळे तारेचा प्रकाश परावर्तकाच्या केवळ वरच्या भागावर पडतो आणि तेथून खाली, रस्त्याकडे वळतो. भिंतीवर डिपरचा झोत टाकल्यास वरच्या बाजूला उजेड-अंधाराची जी स्पष्ट कड दिसते, ती या वाटीची किमया होय. आपल्याकडे वाहने डावीकडून चालत असल्याने ही कड डाव्या बाजूस थोडी वर चढते. पदपथ आणि फलक दिसावेत, पण उजवीकडून येणाऱ्याचे डोळे वाचावेत, अशी ही योजना आहे.

ही सारी रचना काही मिलिमीटर लांबीची तार एका ठरावीक जागी आहे, असे गृहीत धरून केलेली असते. एलईडीमध्ये तार नसते. पातळ पट्टीच्या दोन्ही बाजूंना बसवलेल्या चिप प्रकाश देतात. पट्टी जाड असली किंवा चिप तारेच्या मूळ जागेपासून किंचित सरकली, तरी परावर्तकाचे गणित चुकते. झोताची कड पुसट होते आणि जो प्रकाश रस्त्यावर पडायचा, तो समोरच्या चालकाच्या डोळ्यांच्या उंचीवर पसरतो.

हेडलाइट हे संपूर्ण यंत्र म्हणूनच घडवावे लागते, हे या शहराला वेगळे सांगायला नको. वाळूज येथील व्हेरॉक कंपनी वाहनांचे दिवे तयार करते. तिने २०१२ मध्ये अमेरिकेतील व्हिस्टिऑन कंपनीचा वाहनदिव्यांचा व्यवसायही विकत घेतला होता. त्यातील युरोप व अमेरिकेतील व्यवसाय पुढे २०२२ मध्ये विकण्यात आला. अशा कारखान्यांत तयार होणाऱ्या एलईडी हेडलाइटमध्ये प्रकाशाचा स्रोत, परावर्तक किंवा भिंग आणि उष्णता वाहून नेणारा भाग एकमेकांसाठीच आखलेले असतात. नव्या मोटारीचा एलईडी आणि जुन्या दिव्यात बसवलेला एलईडी बल्ब यांतील मुख्य फरक हाच.

जवळ लख्ख, दूर अंधार

एलईडी बसवल्यानंतर ‘आता छान दिसते’ असे चालकाला वाटते, तेही अनेकदा फसवे असते. ‘एच ४’ बल्बचा प्रमाणित प्रकाश डिपरला सुमारे १००० आणि अप्परला सुमारे १६५० ल्युमेन असतो. बाजारातील एलईडीच्या खोक्यांवर याच्या कितीतरी पट आकडे छापलेले असतात. पण विखुरलेल्या झोतातील बराचसा उजेड वाहनाच्या पुढ्यातच पडतो. जवळचा रस्ता लख्ख उजळला की डोळ्यांच्या बाहुल्या आकुंचन पावतात आणि दूरच्या अंधारातील वस्तू दिसणे उलट कठीण होते.

रंगाचाही परिणाम होतो. हॅलोजनचा प्रकाश साधारण ३२०० केल्विनचा, पिवळसर असतो. एलईडी बहुधा ५००० ते ६५०० केल्विनचे, म्हणजे पांढरे ते निळसर असतात. निळसर प्रकाश डोळ्यांना अधिक बोचतो. वयस्कर चालकांना दिपल्यानंतर सावरण्यासही अधिक वेळ लागतो.

मंदपणाचे मूळ कोठे?

जुन्या वाहनाचा उजेड कमी झाला म्हणजे बल्बचाच दोष, असे नाही. मराठवाड्याच्या कडक उन्हात प्लास्टिकच्या दर्शनी काचा पिवळ्या आणि धुरकट होतात. बारीक पॉलिश पेपरने घासून त्यावर संरक्षक लेप दिल्यास त्या बऱ्याच अंशी स्वच्छ होतात. लेप टाळल्यास मात्र काही महिन्यांत त्या पुन्हा पिवळ्या पडतात. आतील परावर्तकाची चकाकी गेली असेल, तर पुसून उपयोग नसतो. तो दिवाच बदलावा लागतो.

तिसरे कारण डोळ्यांना दिसत नाही. अनेक जुन्या मोटारींत दिव्याची वीज स्टिअरिंगजवळच्या स्विचमधून, बारीक आणि गंजलेल्या वायरींतून फिरून येते. वाटेत तिचा दाब घटतो. हॅलोजनच्या बाबतीत हा दाब केवळ १० टक्के कमी झाला, तर प्रकाश सुमारे ३० टक्क्यांनी घटतो. बॅटरीकडून थेट जाड वायर आणि रिले बसवल्यास त्याच ५५ वॅटच्या बल्बचा उजेड लक्षणीय वाढतो. दर्जेदार नवा हॅलोजन, स्वच्छ काच आणि रिले, एवढ्यावर बहुतेकांचे काम भागू शकते. १००/९० वॅटचे बल्ब बसवण्याचा जुना उपाय मात्र टाळावा. त्यांच्या उष्णतेने होल्डर आणि परावर्तक जळतात.

जुन्या दुचाकींचा प्रश्न आणखी वेगळा आहे. त्यांपैकी अनेकींचा हेडलाइट बॅटरीवर नव्हे, तर इंजिनमधील कॉइलच्या प्रत्यावर्ती विजेवर चालतो. एलईडीला एकदिश वीज लागते. योग्य जोडणी नसल्यास एलईडी लुकलुकतो किंवा लवकरच बंद पडतो.

बसवायचाच असेल तर

अॅम्बेसेडर, जुनी जीप यांसारख्या वाहनांच्या ७ इंची गोल दिव्यासाठी संपूर्ण एलईडी दिवा मिळतो. नुसत्या बल्बपेक्षा हा पर्याय उजवा, कारण त्यात स्रोत आणि परावर्तक एकत्र आखलेले असतात. घेताना तो डावीकडून चालणाऱ्या वाहतुकीसाठी आहे ना, हे पाहावे. अन्यथा कड उजवीकडे चढते आणि झोत थेट समोरच्यावर जातो. खोक्यावरील वर्तुळातील ‘ई’ या खुणेवरही विसंबू नये. ती प्रकाशाच्या गुणवत्तेची नसून केवळ विद्युतचुंबकीय व्यत्ययाच्या चाचणीची असू शकते.

उष्णतेचा विचारही हवा. एलईडीची उष्णता मागच्या बाजूला साचते. मागील पंख्याला दिव्याच्या बंद रबरी टोपणात हवा मिळाली नाही, तर उजेड मंदावतो आणि आयुष्य घटते.

कोणताही दिवा बसवल्यानंतर झोताची दिशा तपासणे आवश्यक आहे. चाकांतील हवा योग्य ठेवून, चालकाला आसनावर बसवून, सपाट जागी मोटार भिंतीपासून ५ मीटरवर उभी करावी. दिव्याच्या मध्याची उंची भिंतीवर खुणेने दाखवावी. डिपरची वरची कड त्या खुणेच्या साधारण ५ ते ६ सेंटिमीटर खाली यावी. कडच दिसत नसेल, तर तो बल्ब त्या दिव्यासाठी योग्य नाही.

नियम काय सांगतो?

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०६ नुसार दिव्यापासून ८ मीटर अंतरावर, जमिनीपासून १.५ मीटर उंचीवर डोळे असलेल्या व्यक्तीला दिपवणार नाही, इतका झोत खाली वळलेला असला पाहिजे. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने नियमबाह्य फेरबदलांसाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद केली आहे. जर्मनीत २०२० मध्ये ऑसराम कंपनीच्या एलईडी बल्बला मान्यता मिळाली, तीही ज्या मोटारींच्या दिव्यांत तो तपासला गेला, त्याच मोटारींपुरती. बल्ब आणि दिवा यांची जोडी तपासल्याशिवाय मान्यता नाही, हे त्यामागचे तत्त्व आहे.

आपल्याकडील वाहनमालकालाही हेच तत्त्व उपयोगी पडेल. प्रथम काच, मग वायरिंग, मग झोताची दिशा आणि अखेरीस गरज उरली तरच एलईडी, असा क्रम ठेवल्यास खर्च वाचतो. शिवाय पुंडलिकनगरच्या रस्त्यावर समोरून येणाऱ्या दुचाकीस्वारालाही आपला रस्ता दिसत राहतो.