खतावणी गेली तर किर्दीवरून उभी राहील का?

नेसरी हे नाव महाराष्ट्राला ठाऊक आहे ते २४ फेब्रुवारी १६७४ मुळे. प्रतापराव गुजर आणि त्यांचे सहा सोबती बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले ते इथल्या खिंडीत. गावाचा रोजचा संसार मात्र चालतो तो विकास सोसायटी, पतसंस्था, दूध संस्था आणि बँकेतल्या खात्यांवर. ऊसबिल जमा होतं, त्यातून पीककर्जाची वसुली होते, उरलेल्यात दुकानाची उधारी आणि पोरांची फी भागते. यातली प्रत्येक नोंद पूर्वी शाईने किर्दीत चढायची आणि वर्ष संपलं की दप्तर कापडात बांधून कपाटात जायचं. आता ती डेटाबेसमध्ये असते. दप्तराला वाळवी लागली तर दिसायची तरी. डेटाबेसची बॅकअप प्रत आतून बिघडलेली असेल तर ती गरज पडेपर्यंत कुणालाही दिसत नाही.

म्हणून गल्लीतल्या पतसंस्थेपासून मोठ्या बँकेपर्यंत प्रत्येकाला दोन प्रश्न विचारायला हवेत. हा डेटाबेस आज रात्री गेला, तर उद्या किती वाजता काम सुरू होईल? आणि सुरू होईल तेव्हा कुठपर्यंतच्या नोंदी त्यात असतील? संगणकवाले पहिल्याला आरटीओ आणि दुसऱ्याला आरपीओ म्हणतात. नावं काहीही असोत, उत्तर प्रत्येक संस्थेचं वेगळं असतं आणि ते संचालक मंडळाने ठरवायचं असतं, ऑपरेटरने नव्हे.

साखर कारखान्याचा वजनकाटा घ्या. गळीत हंगामात तो रात्रंदिवस चालतो. भरलेली गाडी काट्यावर येते, वजन होतं, ऊस गव्हाणीत पडतो, रिकामी गाडी पुन्हा काट्यावर चढते, पावती निघते. इथे चार तासांच्या नोंदी गेल्या तर तो ऊस परत मोजता येत नाही, त्याचा रस झालेला असतो. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे १४ दिवसांत शेतकऱ्याचे पैसे द्यायचे, ते मग कोणत्या वजनावर? शेतकऱ्याच्या खिशातल्या पावत्या गोळा करत बसायची वेळ येते. छोट्या सोसायटीत दिवसभरात मोजकीच व्हाउचर होतात. एका दिवसाच्या नोंदी गेल्या तरी संध्याकाळी बसून पुन्हा भरता येतात. काट्याला मिनिटांचा हिशेब लागतो, सोसायटीला दिवसाचा पुरतो. हा फरक न ठरवता घेतलेलं महागडं बॅकअप सॉफ्टवेअरही उपयोगाचं ठरत नाही.

किर्द-खतावणी लिहिलेल्या माणसाला डेटाबेस कसा सावरतो हे चटकन कळेल. किर्दीत व्यवहार घडले त्या क्रमाने उतरतात; खतावणीत प्रत्येक सभासदाचं खातं असतं. आधी किर्द, मग खतावणी. मोठे डेटाबेस नेमके याच क्रमाने चालतात. कोणताही बदल आधी लॉगमध्ये लिहून डिस्कवर पक्का होतो आणि खात्याच्या मूळ पानावर तो सवडीने उतरतो. ओरॅकलमध्ये त्याला रिडो लॉग म्हणतात, एसक्यूएल सर्व्हरमध्ये ट्रान्झॅक्शन लॉग, पोस्टग्रेसमध्ये वॉल. खतावणी जळाली, पण ३१ मार्चची जुळलेली तेरीज (सगळ्या खात्यांच्या शिल्लकांचा ताळा) आणि १ एप्रिलपासूनची किर्द शाबूत असली, तर जाणता कारकून आजची खतावणी पुन्हा उभी करतो. रिस्टोअर म्हणजे हेच काम. जुनी पूर्ण प्रत जागेवर ठेवायची आणि तिच्यावर लॉग ओळीने चालवत आणायचे.

यात एक मोठी सोय आहे: हव्या त्या मिनिटाला थांबता येतं. दुपारी ३ वाजून ४० मिनिटांनी कुणी चुकून सगळ्या सभासदांचं व्याज शून्य करून टाकलं, तर लॉग ३ वाजून ३९ मिनिटांपर्यंतच चालवायचे. नुसती रात्रीची प्रत असेल तर सकाळपासूनचा सगळा भरणा हातचा जातो.

मग डेटाबेसच्या फाइल्स सरळ पेनड्राइव्हवर कॉपी केल्या तर काय बिघडलं? अनेक छोट्या संस्थांत बॅकअप म्हणजे आजही एवढंच. समजा कॉपीला वीस मिनिटं लागतात आणि काउंटर चालू आहे. पाचव्या मिनिटाला बचत खात्याचं पान कॉपी झालं. दहाव्या मिनिटाला त्या खात्यातून पाच हजार रुपये कर्जखात्यात वळते झाले. पंधराव्या मिनिटाला कर्जखात्याचं पान कॉपी झालं. प्रतीत पाच हजार बचतीतही आहेत आणि कर्जातही भरले गेले आहेत. ही तेरीज कधीच जुळणार नाही, आणि कित्येकदा अशी प्रत डेटाबेस उघडतसुद्धा नाही. म्हणून बॅकअप सॉफ्टवेअर फाइलला परस्पर हात लावत नाही. ते आधी डेटाबेसशी बोलतं, प्रत घ्यायला सुरुवात करतोय हे त्याला सांगतं, आणि मधल्या काळातला लॉगही सोबत उचलतं. ओरॅकलमध्ये हे काम आरमॅन हे त्याचंच साधन करतं आणि बाहेरची सॉफ्टवेअर त्यालाच हाताशी धरतात.

रोज पूर्ण प्रत घेणं मोठ्या संस्थेला परवडत नाही. रविवारी पूर्ण, रोज रात्री फक्त बदललेला भाग, आणि दर पंधरा मिनिटांनी लॉग, अशी घडी बहुतेक ठिकाणी असते. जागा वाचते, वेळ वाचतो. पण शनिवारी रिस्टोअर करायचं तर रविवारची प्रत, रोजचे तुकडे आणि शेवटचे लॉग हे सगळं क्रमाने लागतं. मधला मंगळवार वाचता आला नाही तर साखळी सोमवारपाशी तुटते.

एका सापळ्याबद्दल इथे सांगायलाच हवं, कारण तो छोट्या संस्थांत हमखास असतो. एसक्यूएल सर्व्हर 'फुल' पद्धतीवर ठेवला आणि लॉगचा बॅकअपच घेतला नाही, तर लॉगची फाइल फुगत जाते आणि एक दिवस डिस्क भरते. काउंटरवर रांग, सिस्टीम बंद. कुणीतरी फोनवर उपाय सांगतं: पद्धत 'सिंपल' करा, लॉग लहान होईल. होतोही, आणि सगळे सुटकेचा श्वास घेतात. त्या क्षणापासून त्या संस्थेची किर्द बंद झालेली असते. हव्या त्या मिनिटापर्यंत परतण्याची वाट गेलेली असते आणि हे कुठल्याही इतिवृत्तात लिहिलेलं नसतं.

दुसऱ्या शहरात डेटाबेसची जुळी प्रत सतत चालू असते, तेव्हा बॅकअप कशाला, असं जबाबदार माणसंही विचारतात. जुळी प्रत यंत्र बिघडल्यावर कामाची, माणूस चुकल्यावर नाही. इथे खोडलेली नोंद काही क्षणांत तिथेही खोडली जाते.

३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या जगभरच्या प्रोग्रामरांच्या सेवेवर जे ओढवलं, ते मी प्रत्येक संस्थेच्या सचिवाला सविस्तर सांगेन. जुळी प्रत मागे पडली होती. रात्री उशिरापर्यंत राबणारा एक अभियंता ती दुरुस्त करत होता. दुय्यम सर्व्हरवरचा डेटा पुसायचा होता. आज्ञा दिली गेली मुख्य सर्व्हरवर. लक्षात येईपर्यंत सुमारे ३०० जीबीतले साडेचार जीबी उरले होते. बॅकअपची पाच वेगवेगळी साधनं होती. वेळेला एकही धड उपयोगी पडलं नाही. रोजची प्रत काढणारं साधन डेटाबेसच्या जुन्या आवृत्तीचं होतं, त्यामुळे ते दर वेळी अपयशी ठरत होतं. ते अपयश कळवणारे ई-मेल समोरचा मेल सर्व्हर नाकारत होता, म्हणून कुणापर्यंत पोचत नव्हते. वाचवलं ते वेगळ्याच कामासाठी सहा तासांपूर्वी हाताने काढलेल्या एका प्रतीने. तेवढ्या तासांचा डेटा कायमचा गेला. गिटलॅबने हे सगळं जगापुढे उघड मांडलं, म्हणून आपल्याला शिकता येतं. तिथली माणसं कुशल होती, साधनंही होती. कमी एवढंच पडलं होतं की काढलेली प्रत परत उभी करून कुणी पाहत नव्हतं.

प्रत ठेवायची कुठे? तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, एक दुसऱ्या ठिकाणी, हा अमेरिकी छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला नियम आजही टिकून आहे. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात 'दुसरं ठिकाण' म्हणजे काय, ते मात्र नद्यांनी शिकवलं आहे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांवर गेलं आणि २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला. शहरातल्या एका तळमजल्यावर सर्व्हर आणि पलीकडच्या गल्लीतल्या तळमजल्यावर प्रत, ही दोन ठिकाणं नव्हेत. नेसरी घटप्रभेच्या खोऱ्यात आहे, कोल्हापूर पंचगंगेच्या. पण २०१९ चा तो पाऊस गडहिंग्लज-चंदगडलाही सोडून गेला नव्हता. कोयनेचा ११ डिसेंबर १९६७ चा भूकंपही विसरण्यासारखा नाही. एक प्रत जिल्ह्याबाहेर, शक्य तर वेगळ्या भूकंपप्रवण पट्ट्यात असावी. दक्षिण कोरियाच्या सरकारने हे केलं नव्हतं. २६ सप्टेंबर २०२५ ला देजॉनच्या सरकारी डेटा सेंटरमध्ये लिथियम बॅटरीने पेट घेतला आणि कर्मचाऱ्यांच्या फाइलींचं ८५८ टेराबाइटचं भांडार जळालं. आकार फार मोठा म्हणून त्याची बाहेर प्रतच ठेवलेली नव्हती.

पूर आणि आग आंधळी असतात; खंडणीखोर डोळस असतो. तो आत शिरला की आधी बॅकअप शोधतो, तो निकामी करतो आणि मग मूळ डेटाला कुलूप घालतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सचे पाच सर्व्हर असे अडकले आणि रुग्णनोंदणी कितीतरी दिवस हाताने चालली. पण हल्ल्याचा स्पर्श न झालेला एक बॅकअप सर्व्हर होता. त्यावरून नव्या यंत्रांवर ई-हॉस्पिटल प्रणालीचा डेटा उभा राहिला. त्यालाही सुमारे दोन आठवडे लागले. प्रत असणं आणि काम सुरू होणं यांतलं अंतर एवढं असतं. जुलै २०२४ अखेरीस लहान बँकांना यंत्रणा पुरवणाऱ्या सी-एज कंपनीवर हल्ल्याचं सावट आलं, तेव्हा खबरदारी म्हणून तिला पेमेंट जाळ्यापासून तोडावं लागलं आणि देशातल्या सुमारे ३०० छोट्या बँकांचे ग्राहक अडकले. संकट आपल्या इमारतीत आलंच पाहिजे असं नाही.

म्हणून एक प्रत अशी हवी जी ठरावीक मुदतीपर्यंत प्रशासकालाही पुसता येणार नाही, किंवा जी तारेने कशालाच जोडलेली नाही. मोठ्या बँका आजही टेप वापरतात त्या याचसाठी. एका एलटीओ-९ टेपवर १८ टेराबाइट मावतात आणि कपाटातल्या टेपपर्यंत नेटवरून पोचता येत नाही. छोट्या संस्थेला दोन हार्ड डिस्क आळीपाळीने वापरून, त्यातली एक कायम दुसऱ्या गावी ठेवूनही पुष्कळ साधतं. प्रतीला सांकेतिक कुलूप असेल तर त्याची किल्ली मात्र त्याच सर्व्हरवर ठेवू नये.

ही सगळी विद्या परकी नाही, याचा मला अभिमान वाटतो. नेटबॅकअप हे जगातल्या कित्येक बँकांत चालणारं सॉफ्टवेअर. ते पूर्वी बनवणाऱ्या व्हेरिटासचं मोठं केंद्र वर्षानुवर्षं पुण्यात राहिलं. तिथून बाहेर पडलेल्या मंडळींनी २००८ मध्ये पुण्यातच द्रुव्हा ही बॅकअपची कंपनी सुरू केली. महाराष्ट्रात घडलेलं हे ज्ञान महाराष्ट्राच्या सोसायट्यांपर्यंत पोचायला हवं.

आणि आता त्याची निकड वाढली आहे. २९ जून २०२२ ला केंद्र सरकारने देशभरातल्या ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाला २,५१६ कोटी रुपयांची मंजुरी दिली. सगळ्यांना एकच सामायिक, क्लाउडवरचं सॉफ्टवेअर, अंमलबजावणी नाबार्डकडे. निर्णय चांगला आहे. सचिवाच्या पेनड्राइव्हपेक्षा तिथली सुरक्षा निश्चित बरी. पण दप्तर गावाबाहेर गेलं म्हणून सभासदाचा हक्क जात नाही. प्रती किती दिवस ठेवल्या जातात, चुकीची नोंद सापडल्यावर किती मागे जाता येतं, आणि आपल्या खात्यांची एक प्रत संस्थेला स्वतःकडे मिळते का, हे विचारायलाच हवं.

सहकारी संस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत होतात. त्याआधी महिनाभर रिस्टोअरची तालीम घ्यावी. वेगळा संगणक घ्यायचा, त्यावर डेटाबेसची तीच आवृत्ती बसवायची, रविवारची प्रत आणि बुधवारी दुपारपर्यंतचे लॉग चढवायचे. रोजच्या ऑपरेटरने नव्हे, दुसऱ्या कुणीतरी, लिहून ठेवलेल्या सूचना वाचून. मग तेरीज जुळते का, सभासदसंख्या तीच आहे का, शेवटचा व्हाउचर क्रमांक कोणता, हे लेखापरीक्षकासमोर पाहायचं. पहिल्या तालमीत काहीतरी अडेलच: पासवर्ड सापडणार नाही, लायसन्स चालणार नाही, डिस्क अपुरी पडेल. त्यासाठीच तालीम असते.

सभेपुढे ठेवायचा विषय असा लिहिता येईल: 'संस्थेच्या डेटाबेसची शेवटची रिस्टोअर तालीम कोणत्या तारखेला झाली, किती तास लागले, कोणत्या व्हाउचरपर्यंतच्या नोंदी परत मिळाल्या, तेरीज जुळली किंवा नाही, याचा लेखापरीक्षकाच्या सहीचा अहवाल वाचून कायम करणे.'