पंपातलं तेल, बोरचं पाणी

निंबोळीचं तेल बादलीभर पाण्यात ओतून काडीने ढवळलं की क्षणभर वाटतं, मिसळलं. काडी थांबते आणि लसणीसारख्या उग्र वासाचे तपकिरी डोळे वर यायला लागतात. थोड्या वेळात त्यांचा एकच तवंग होतो. हेच पाठीवरच्या पंपात झालं तर पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) पहिल्या ओळींना जवळपास नुसतं पाणी मिळतं आणि शेवटच्या ओळींना नुसतं तेल. पानं करपतात ती तिथे.

म्हणून साबण. कृषी विभागाची निंबोळी अर्काची कृती अनेकांना तोंडपाठ आहे: ५ किलो निंबोळ्यांचा चुरा रात्रभर भिजवायचा, सकाळी फडक्यातून गाळायचा, २०० ग्रॅम साबणाचं पाणी घालून सगळं १०० लिटर करायचं. तेलाच्या फवारणीतही साबणाचं काम तेच. पाणी दुधासारखं पांढरं होतं, कारण तेलाचे थेंब इतके बारीक झालेले असतात की प्रकाश त्यांच्यावरून विखुरतो.

साबणाच्या रेणूची लांब शेपटी तेलात रमते, डोकं पाण्यात. त्यामुळे तो थेंबाच्या काठावरच जाऊन बसतो. तिथे तो दोन कामं करतो. तेल-पाण्यातला ताण उतरवतो, म्हणून थोड्या घुसळणीत थेंब फुटतात. आणि पाण्याकडची डोकी ऋणभारित असल्याने थेंब एकमेकांना दूर लोटतात, पुन्हा एक होत नाहीत.

काठ किती मोठा असतो, याचा हिशेब मजेशीर आहे. पंपात ५० मिलीलिटर तेल घातलं आणि त्याचे २ मायक्रॉन व्यासाचे थेंब झाले, तर त्यांचं एकूण पृष्ठ १५० चौरस मीटर भरतं. चांगलं ऐसपैस घर झालं! पण ते झाकायला साबणाचा एकपदरी थर लागतो जेमतेम पाव ग्रॅमचा.

मग कृतीत १५ लिटरच्या पंपामागे ३० ग्रॅम साबण कशाला? थोडा पाण्यात विरघळलेला राहतो, हे खरं. पण मोठं गिऱ्हाईक निराळंच आहे.

चंद्रपूर जिल्ह्यात कोरपना-राजुऱ्याकडे सिमेंटचे कारखाने आले ते जमिनीतल्या चुनखडीमुळे. तोच चुना बोरच्या पाण्यात उतरतो. पाण्यातलं कॅल्शियम साबणाच्या दोन-दोन रेणूंना धरतं आणि पांढऱ्या कण्या होऊन साबण बाहेर पडतो. लिटरला ३०० मिलिग्रॅम काठिण्याचं पाणी घेतलं, तर पंपभर पाणी सुमारे २७ ग्रॅम साबण खाऊन टाकतं. (पिण्याच्या पाण्यात दुसरा पर्याय नसेल तर ६०० पर्यंत चालतं, असं भारतीय मानक सांगतं.) ६०० च्या पाण्यात ३० ग्रॅम साबण म्हणजे थेंबांच्या वाट्याला काहीच नाही, वर त्या कण्या नोजलमध्ये अडकतात. तेल वेगळं झालं की दोष तेलवाल्याला दिला जातो, पाण्याचं नाव कुणी घेत नाही.

सिंदेवाही, मूल, नागभीडच्या धानपट्ट्यात, तसंच गडचिरोलीतही, मामा (माजी मालगुजारी) तलाव आणि बोड्या, म्हणजे लहान तळी, आहेत. त्यांत पावसाचं पाणी साठतं आणि ते सहसा मऊ असतं. तीच कृती, तोच साबण, पण या पाण्यात साबण थेंबांसाठी शिल्लक राहतो.

फवाऱ्यात तेल-पाणी एकत्र टिकवण्याचा प्रश्न जुनाच. इंग्लंडमध्ये वोबर्नच्या फळबागेत स्पेन्सर पिकरिंग याने फवारणीच्या मिश्रणांवर काम केलं आणि १९०७ मध्ये दाखवून दिलं की बारीक घन कणसुद्धा थेंबाच्या काठावर बसून मिश्रण टिकवतात. साबणच हवा असं नाही, काठावर बसणारं काहीतरी हवं. रिठ्यातलं सॅपोनिन तसंच. त्याला साबणासारखं ऋणभारित डोकं नसल्यामुळे कॅल्शियम त्याच्या वाटेला फारसं जात नाही, आणि जड पाण्यातही ते फेस धरतं.

तरी हे मिश्रण कायमचं नव्हेच. साबण ते फुटणं लांबवतो, थांबवत नाही. म्हणून कालवलेलं त्याच दिवशी फवारून संपवायचं असतं. पानावर तर ते फुटायलाच हवं, पाणी उडून तेल मागे राहिल्याशिवाय किडीला काय होणार?

पाणी तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. काचेच्या बाटलीत अर्धं बोरचं पाणी, त्यात साध्या साबणाचा चिमूटभर चुरा, आणि जोरात हलवायचं. फेस टिकला तर तेल कालवायला हरकत नाही. पाणी गढूळ होऊन कण्या तरंगल्या, तर बोडीवरून पाण्याचा एक डबा आणलेला बरा.