बोला, मोबाइल लिहून घेईल

महागड्या गॅजेटच्या मागे लागण्याआधी खिशातल्या फोनचा माइक वापरून बघा. घरातल्या आठवणी, पाककृती आणि किस्से मराठीत लिहून ठेवणं आता खरंच सोपं झालं आहे.

मला नव्या गॅजेट्सचा नाद आहे. विकत घेणं दरवेळी परवडत नाही, पण त्यांच्याबद्दल वाचायला पैसे कुठे पडतात? एप्रिल 2024 मध्ये अमेरिकेत ह्यूमेन या कंपनीने कपड्यांवर लावायची एक ‘एआय पिन’ बाजारात आणली. तिला स्क्रीन नव्हती. आपण बोलायचं, पिन उत्तर देणार आणि गरज पडली तर तळहातावर अक्षरं उमटवणार. किंमत 699 डॉलर आणि वर दरमहा 24 डॉलर. भविष्यातला फोन म्हणून तिची भरपूर चर्चा झाली. पण 28 फेब्रुवारी 2025 ला पिनची सेवाच बंद झाली. वर्षभराच्या आत ती नुसती शोभेची वस्तू उरली.

गंमत म्हणजे बोललेलं ऐकून कामाला लागणारं यंत्र आपल्याकडे आधीपासून आहे. आपण फक्त त्याचा माइक फारसा दाबत नाही.

मराठी टायपिंगची कटकट

ब्लॉगर ही सेवा 1999 मध्ये आली, वर्डप्रेस 2003 मध्ये. स्वतःचं लिखाण जगासमोर मांडायला छापखाना लागेनासा झाला. मराठीची अडचण मात्र वेगळीच होती. प्रत्येक फॉन्टचा कीबोर्ड निराळा. एका कॉम्प्युटरवर टाइप केलेलं पत्र दुसऱ्यावर उघडलं की अक्षरांऐवजी चित्रविचित्र खुणा दिसायच्या. युनिकोडमध्ये देवनागरी 1991 पासून होती, पण ती घरोघरी रुळायला बरीच वर्षं गेली.

मग ऑगस्ट 2017 मध्ये गुगलच्या व्हॉइस टायपिंगमध्ये मराठी आली. इंदूर, बडोदा, हैदराबाद किंवा बेंगळुरूत वाढलेल्या मराठी मुलांसाठी ही मोठी सोय आहे. त्यातली कितीतरी मुलं घरी छान मराठी बोलतात, पण मेसेज रोमन अक्षरांत करतात. आजीला ते वाचता येत नाही आणि आजीचं देवनागरी वाचताना नातू अडखळतो. बोलणं मात्र दोघांनाही येतं.

सुरुवात कशी करायची?

• अँड्रॉइड फोनवर जीबोर्डच्या सेटिंग्जमध्ये जाऊन भाषांमध्ये मराठी जोडा.
• नोट्स किंवा ब्लॉगचं पान उघडा, मराठी कीबोर्ड निवडा आणि माइकचं चिन्ह दाबा.
• पंखा, टीव्ही बंद ठेवा. छोटी वाक्यं बोला.
• पूर्णविराम आणि परिच्छेद नंतर हाताने द्या.
• लिहून झालं की एकदा मोठ्याने वाचा. ‘दिन’ आणि ‘दीन’ कानाला सारखेच लागतात, त्यामुळे अशा चुका डोळ्यांनीच पकडाव्या लागतात. मालवणी, वऱ्हाडी किंवा अहिराणी शब्द फोनने बदलला असेल तर तो पुन्हा घरच्यासारखा करा.

‘अंदाजाने’ म्हणजे किती?

माझ्या आजीने फोनला कैरीच्या लोणच्याची कृती सांगितली. फोनने शब्द बरेचसे बरोबर टिपले : मीठ अंदाजाने, तिखट बेताचं, तेल वर येईल इतकं. कृती लिहून झाली, पण त्यावरून लोणचं घालणं मला शक्य नव्हतं. मग मी विचारलं, “आजी, अंदाजाने म्हणजे किती गं?” तिने हात पुढे करून मूठ दाखवली. एक किलो कैरीला अशा किती मुठी, फोडी किती वेळ सुकवायच्या, बरणी ओली राहिली तर काय होतं, हे सगळं त्यानंतर बाहेर आलं. पुढे तर तिच्या सासूबाईंचा किस्साही निघाला.

फोन ऐकलेलं लिहितो. कोणता प्रश्न विचारायचा, हे मात्र घरच्या माणसालाच कळतं. आणि हे प्रश्न विचारायला आपल्याकडे कायमचा वेळ नसतो. आजीची मूठ केवढी, हे तिच्यामागे कुणाला विचारणार?

एक प्रत घरात ठेवा

ऑर्कुट आठवतंय? 30 सप्टेंबर 2014 ला ते बंद झालं. गुगल प्लसही 2019 मध्ये गेलं. फुकट मिळालेली जागा आपल्या मालकीची नसते. ब्लॉगर आणि वर्डप्रेस दोन्हींवर सगळं लिखाण एकत्र डाउनलोड करता येतं. दर दोन-तीन महिन्यांनी ते करा. जमल्यास महत्त्वाची पानं छापून फाइलमध्ये लावा.

बोललेले शब्द बरेचदा कंपनीच्या सर्व्हरवर जातात, म्हणून बँकेचे तपशील, ओटीपी, आजारपणाच्या गोष्टी माइकवर सांगू नका. घरातल्यांचे किस्से सगळ्यांसाठी खुले करण्याआधी त्यांना विचारा. ब्लॉग फक्त निवडक लोकांना दिसेल, अशी सोयही असते.

स्मार्ट चष्मे, बोलता बोलता भाषांतर करणारे इअरबड्स येत आहेत, आणखीही येतील. त्यांची वाट बघायला हरकत नाही. तोवर या रविवारी घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाजवळ बसा आणि माइक दाबून एवढंच विचारा, “तुमच्या लहानपणी घरात पाणी कुठून यायचं?” मग मधे न बोलता ऐका.